‘आय बेग टू स्टेट’ खोडून टाका

(वस्तीतल्या अभ्यासिकेत तरुणांपुढं केलेलं भाषण. छापायला देताना दोन-चार ठिकाणी वाढवलं आहे.)



विषय तुम्हीच दिलात : मोबाइलवरून इंग्रजीचं व्याकरण आणि लिखाण कसं सुधारायचं. आणि बोलायला उभा केलात दहावी पास गोदी कामगार. प्राध्यापक बोलावला असता तर त्यानं शेक्सपिअरपासून सुरुवात केली असती. मी कागदापासून करतो. इंग्रजी आपल्या दारात कागद म्हणूनच आली. ठेकेदाराचा कागद, बँकेचा कागद, इस्पितळाचा कागद, कोर्टाचा कागद. खाली कोपऱ्यात बोट ठेवून सांगतात, ‘इथं सही कर.’ वर तीन पानं गिचमिड इंग्रजी. आपल्या आज्यानं अंगठा उठवला, आपण सही करतो. च्यायला, शाई बोटावरची पेनात गेली एवढीच प्रगती. वर काय लिहिलंय ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आपल्यालाही नाही.

गोदीत इंग्रजी पायाखाली आहे. पोत्यावर छापलेलं असतं ‘यूज नो हूक्स’. खोक्यावर ‘धिस साइड अप’, ‘कीप ड्राय’. सगळी वाक्यं हुकमाची. कामगाराशी इंग्रजी बोलते ती अशी, आज्ञार्थात. आता तीच इंग्रजी मालक-मालकात कशी बोलते ते बघा. बिल ऑफ लेडिंग म्हणून एक कागद असतो, जहाजात चढवलेल्या मालाची पावती. कंटेनरमधल्या मालाच्या नावापुढं त्यावर लिहिलेलं असतं ‘सेड टू कंटेन’. म्हणजे आत अमुक माल आहे असं म्हटलं गेलंय. कोणी म्हटलं? त्या शब्दांत नाही. जहाज कंपनीचं म्हणणं असं की डबा आम्ही उघडून बघितलेला नाही, पाठवणाऱ्यानं सांगितलं ते लिहिलं, उद्या आतून दगड निघाले तर आमच्या गळ्यात नको. तीन शब्दांत अंग काढून घेतलं की नाही?

ह्याला व्याकरण म्हणतात, दोस्तहो. शाळेत पॅसिव्ह व्हॉइस शिकवला तेव्हा ‘रामाने आंबा खाल्ला, रामाकडून आंबा खाल्ला गेला’ एवढं घोकून घेतलं. पाच मार्कांचा प्रश्न. वाक्यातून राम गायब कसा करायचा ते नाही शिकवलं. ते कंपनीला येतं, सरकारला येतं. ‘इट हॅज बीन डिसायडेड’, ठरविण्यात आले आहे. कोणी ठरवलं त्याचं नाव सांगा ना! झोपड्या ‘हटविण्यात आल्या’, कामगार ‘कमी करण्यात आले’. प्रस्थापितांच्या भाषेत कर्ता हा नेहमी फरारी असतो.

आमच्या टोळीतल्या एका पोराचं बोट गेलं. लोखंडी मालाची उचल चालली होती, स्लिंगची तार झिजलेली, एक धागा तुटून वर आलेला. सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या उचलीला बोट सापडलं. संध्याकाळी ठेकेदाराच्या ऑफिसात इंग्रजीतून एक ओळ टाइप झाली : ‘द फिंगर गॉट कॉट ड्यू टू निग्लिजन्स’. निग्लिजन्स म्हणजे हयगय. कोणाची हयगय? लिहिलेलं नाही. पण वाचणारा प्रत्येक माणूस ती हयगय त्या पोराचीच धरणार. बोट त्याचं, तर हयगयही त्याची! त्या ओळीखाली त्याला सही करायला सांगितली, डाव्या हातानं.

आम्ही चौघं बसलो आणि तिथं वेगळा कागद लिहिला. फक्त तीन वाक्यं सांगतो. ‘द स्लिंग वॉज वॉर्न. वुई टोल्ड द सुपरवायझर ट्वाइस. ही डिड नॉट चेंज इट.’ स्लिंग झिजली होती. आम्ही सुपरवायझरला दोनदा सांगितलं. त्यानं बदलली नाही. पाचवीच्या पुस्तकातली वाक्यं आहेत की नाहीत? एक अवघड शब्द नाही. पण प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर कोण बसलाय ते बघा. स्लिंग, आम्ही, तो. आता हयगय कोणाची हे लिहायची गरजच उरली नाही. अर्ज अजून पडून आहे. पण पोच घेतलीय, तारीख आणि शिक्क्यासकट.

मराठीतही आपल्याला एक खोड आहे, तिच्यावर थोडं बोलतो. आपण म्हणतो, ‘पगार झाला नाही’, ‘मार लागला’, ‘काम सुटलं’. पगार काय पाऊस आहे, आपोआप पडायचा राहिला? कुणीतरी दिला नाही म्हणून झाला नाही. मराठीत क्रियापद शेवटाला येतं आणि कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. इंग्रजीत आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. ‘डिड नॉट पे’ असं लिहायला घेतलंत की डाव्या अंगाला एक रिकामी जागा तुमच्याकडं बघत बसते. तिथं कोणाचं तरी नाव भरावंच लागतं. ‘द कॉन्ट्रॅक्टर डिड नॉट पे अस.’ आता आणखी एक, भूतकाळाचं. आपण म्हणतो ‘आम्ही माल उचलला’, ‘आम्ही पोती उचलली’. मराठीत क्रियापद मालाकडं बघून बदलतं. इंग्रजीत माल असो की पोती, ‘लिफ्टेड’ ते ‘लिफ्टेड’च. एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती गेली. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीत, ते वाचून वाचूनच येतात, नियम पाठ करून कुणाला आलेले मी बघितले नाहीत.

आता अर्जाकडं या. शाळेनं आपल्याला एक अर्ज शिकवला. तो इथल्या प्रत्येकाला झोपेत येतो. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन आय बेग टू स्टेट दॅट...’ आणि शेवटी ‘योर्स ओबीडियंटली’. बेग म्हणजे भीक मागणं. ओबीडियंट म्हणजे आज्ञाधारक. पोटात दुखतंय, एक दिवस रजा पाहिजे, त्यासाठी भीक! कुणी पांढरपेशा म्हणेल, अहो तो नुसता शिष्टाचार. असेल, साहेबाच्या काळातला. साहेब गेला. त्याच्या मुलखातसुद्धा हल्ली असं कोणी लिहीत नाही, आपल्या वस्तीतला पोरगा मात्र हक्काच्या पगारासाठी लिहितो, आय बेग टू स्टेट.

पर्ड्यू विद्यापीठ म्हणून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक विद्यापीठ आहे. त्यांची ‘ऑनलाइन रायटिंग लॅब’ १९९४ पासून इंटरनेटवर आहे, फुकट. तिथं कामकाजाचं पत्र कसं लिहावं ते दिलंय. पहिल्या परिच्छेदात कामाचं बोला. पुढं त्याचं कारण आणि तपशील द्या. शेवटी काय व्हायला पाहिजे ते सांगा. झालं. ह्यात भीक कुठंही बसत नाही, आणि शिवीही बसत नाही. शेवटी ‘योर्स फेथफुली’ लिहा, पुरे. तिथंच पॅसिव्ह व्हॉइसवर, स्वल्पविरामावर वेगवेगळी पानं आहेत. एका रात्री एकच पान वाचा, जास्त नको. पाळीवरून आल्यावर डोळे किती वेळ उघडे राहतात ते मला माहीत आहे.

भिकेवरून आठवलं. संविधानाचं कलम २३ माणसांच्या व्यापाराला आणि सक्तीच्या मजुरीला मनाई करतं. त्याचा इंग्रजी मजकूर काढा. मराठीत जिथं वेठबिगार आहे, तिथं इंग्रजीत चक्क आपला शब्द आहे : बेगार. बी-ई-जी-ए-आर. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या मसुद्यातच तो शब्द होता. फोर्स्ड लेबर हे इंग्रजी शब्द त्याच वाक्यात पुढं आहेतच, तरी आधी बेगार. इंग्रजांच्या भाषेत हा गुन्हा आपल्या नावानिशी जाऊन बसलाय. आता हा शब्द मी मोबाइलवर टाइप केला. खाली तांबडी रेघ आली आणि दुरुस्ती सुचवली : बेगर. भिकारी! बघा दोस्तहो, ज्याला फुकट राबवून घेतलं त्याचा एका अक्षरात मागणारा करून टाकला. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही, त्याला जो शब्द जास्त वेळा दिसतो तोच शुद्ध वाटतो. शुद्धलेखनाचं हे राजकारण आपल्याला नवीन नाही, आपल्या बापजाद्यांची अख्खी बोलीच तांबड्या रेघेखाली होती. तिथं ‘ॲड टू डिक्शनरी’ असं एक बटण असतं. ते दाबा. शब्द कोशात घाला. मग यंत्र गप बसतं.

आणि त्या कलमावरून सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा एक निकाल वाचा. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती, तिथल्या मजुरांचं प्रकरण. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशावर काम करून घेणं हीसुद्धा कलम २३ मधली सक्तीची मजुरी. चाबूक लागतच नाही, भुकेची सक्ती हीही सक्तीच. ‘इंडियन कानून’ नावाच्या संकेतस्थळावर तो निकाल पुरा आहे, पैसे लागत नाहीत. लांब आहे, एकेक वाक्य आठ-आठ ओळींचं. ते वाचायची युक्ती सांगतो. आधी मुख्य क्रियापद शोधा आणि त्याच्याखाली रेघ मारा. मग त्याचा कर्ता शोधा. ‘विच’ आणि ‘दॅट’पासून सुरू होणारे तुकडे कंसात टाका. वाक्याचा सांगाडा उघडा पडतो, चार-पाच शब्दांचा. मग एकेक कंस उघडत मांस चढवा. माझं व्याकरण ह्या निकालानं जितकं सुधारलं तितकं रिकाम्या जागा भरून सुधारलं नाही. रिकाम्या जागेत आपलं काही अडकलेलं नसतं. निकालात आपला पगार अडकलेला असतो.

‘शॅल’ आणि ‘मे’चंही तसंच. शाळेत सांगितलं, शॅल म्हणजे भविष्यकाळ. कायद्याच्या कागदात शॅल म्हणजे केलंच पाहिजे. कलम १७ मध्ये अस्पृश्यतेतून येणारी बंधनं लादणं हा गुन्हा असेल असं जे म्हटलंय, तिथं ‘शॅल बी’ आहे. मे असतं तर काय झालं असतं त्याची कल्पना करा. ठेकेदाराच्या कागदात मात्र कामगाराच्या डोक्यावर शॅल आणि मालकाच्या डोक्यावर मे. वर्कर शॅल रिपोर्ट. वर्कर शॅल नॉट रिफ्यूज. आणि ओव्हरटाइम? मे बी पेड. मिळू शकेल! (कोर्टात कधीमधी मेचा अर्थ शॅल लावतात म्हणे. ते वकिलांचं बघणं. आपण सही करायच्या आधीच बघायचं.)

आता साधनं. फार नाहीत, आणि फार नकोतच. ज्याच्या मोबाइलमध्ये इंग्रजी शिकवणारी दहा ॲप्स आहेत त्याला इंग्रजी येत नाही, हे मी आपल्याच गल्लीत बघितलंय. हिरवा पक्षी रोज हजेरी घेतो, हजेरी लागली की पोरगं खूश. त्यानं शब्द येतात, अर्ज येत नाही. बीबीसी १९४३ पासून रेडिओवर इंग्रजी शिकवत आली, आता इंटरनेटवर त्यांचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आहे, सहा मिनिटांचं बोलणं आणि खाली लिहिलेला मजकूर. ऐका, मग बघा, मग हातानं उतरवून काढा. केंब्रिजचा कोश आहे, शब्द बोलूनही दाखवतो. आणि मराठीतून इंग्रजीत जायला मोल्सवर्थचा कोश आहे. १८३१ चा, १८५७ ला वाढवलेला, शिकागो विद्यापीठानं अख्खा इंटरनेटवर ठेवलाय. त्यात ‘वेठ’ काढून बघा. गोऱ्या साहेबानं आपल्या मुलखातून काय काय शब्द गोळा केले होते ते कळेल.

ह्या सगळ्यापेक्षा स्वस्त साधन म्हणजे दोन रेघी वही. रोज रात्री इंग्रजीत तीन वाक्यं, साध्या भूतकाळात. आज कुठल्या जहाजावर होतो. किती वाजता चढलो, किती वाजता उतरलो. कोणी काय हुकूम दिला. वर तारीख. सहा महिन्यांत तुमचा भूतकाळ पक्का होतो आणि उद्या कामगार आयुक्तांपुढं उभं राहायची पाळी आली तर हातात पुरावाही असतो. मालकाकडं हजेरीबुक असतं. आपल्याकडंही एक असू द्या.

चॅटजीपीटीवर बोल म्हणून मघाशी दोघंतिघं ओरडली. बोलतो. २०२२ च्या नोव्हेंबरात ते आलं, आता त्याच्यासारखी बरीच आलीत. त्याआधी २००९ पासून ग्रामरली आहे, ते चूक दाखवतं. हे नवीन यंत्र तर अख्खं पत्रच लिहून देतं. बोटाची हकीकत मी मराठीत घातली आणि सांगितलं, इंग्रजीत तक्रार कर. दोन सेकंदांत पत्र आलं. सुरुवात काय, तर आपण कुशल असाल अशी आशा करतो. मग ‘ॲन अनफॉर्च्युनेट इन्सिडेंट ऑकर्ड’. एक दुर्दैवी घटना घडली! झिजलेली स्लिंग गेली, दोनदा सांगितलेलं गेलं, सुपरवायझर गेला. शेवटी कृपया लक्ष घालावे. एक व्याकरणाची चूक नाही, आणि आमचं एक वाक्य नाही. बिनचूक इंग्रजीत पुन्हा तेच, आय बेग टू स्टेट.

म्हणून यंत्र टाकून द्या असं मी म्हणत नाही. क्रेन आली तेव्हा क्रेनला शिव्या घालून कोणाची पाठ वाचली नाही. पण क्रेनला कुठं लावायचं ते आपण सांगतो. तसं ह्याला सांगायचं : हे माझं इंग्रजी, वाक्यं बदलू नकोस, शब्द बदलू नकोस, फक्त व्याकरणाची चूक कुठं आहे ते मराठीतून समजावून सांग. मग ते बऱ्या मास्तरासारखं वागतं. आणि रात्री दोन वाजता विचारलं तरी खेकसत नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. तरी तपासत जा. कधी कधी ते खोटंसुद्धा ठणकावून सांगतं. कायद्याचं कलम त्यानं सांगितलं तर मूळ कागद काढून बघितल्याशिवाय अर्जात घालू नका.

शब्द सौम्य करा, हे गाळा, ते बदला, असं बाबासाहेबांनाही सांगितलं होतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं १९३६ च्या परिषदेला त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचलं आणि हादरले. बाबासाहेबांनी कळवलं की मी स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. इंग्रजीत लिहिलेलं. व्याकरणाच्या पुस्तकात स्वल्पविरामाचे दहा नियम असतील, हा अकरावा तिथं नाही मिळणार. कुठला स्वल्पविराम चुकीचा म्हणून काढायचा आणि कुठला आपला म्हणून ठेवायचा, हे कळायला आधी तो टाकायचा कुठं हे पक्कं माहीत पाहिजे. बाबासाहेबांना माहीत होतं म्हणून ते अडून बसू शकले.

ते पुस्तक हेच आपलं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक धरा. कोलंबिया विद्यापीठानं, जिथं ते १९१३ ते १९१६ शिकले, ते टिपांसकट इंटरनेटवर ठेवलंय. महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी खंडांतल्या पहिल्या खंडातही आहे आणि ते खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. इथल्या वायफायवर उतरवून घ्या, मग डाटा लागत नाही. डाव्या हाताला मराठी भाषांतर, उजव्या हाताला इंग्रजी. एक परिच्छेद मराठीत वाचा, पुस्तक मिटा, आपल्या इंग्रजीत लिहा, मग बाबासाहेबांचं उघडा. कुठं फरक पडला ते बघा. ह्याच्यापुढं कुठल्याही क्लासची फी भरायची गरज नाही.

एक भांडण उरलंच. मागं बसलेले दादा म्हणाले, मराठीचं काय? दादा, सावित्रीमाईनं १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, ते मराठी कवितेतच सांगितलं. जोतीरावांनी १८८२ ला हंटर आयोगापुढं निवेदन दिलं ते इंग्रजीत दिलं, आणि त्यात मागितलं काय, तर शूद्रातिशूद्रांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण. मी कविता मराठीत लिहितो, मरेपर्यंत मराठीत लिहीन. शिव्याही मराठीत देईन, त्यांना इंग्रजीत मजा नाही. पण अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार त्याला कळेल अशा भाषेत जाणार. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० मध्ये आपल्या लोकांनी इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं. देवीच्या हातात पेन, पायाखाली संगणक. त्यामागची भूक मला कळते. पण देवी झाली की आपण खाली बसणार आणि ती वर. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं आणखी एक मूर्ती कशाला करायची? स्लिंगला कोणी नमस्कार करत नाही. धागा तुटलाय का ते बघतो, आणि उचल करतो.

तर आता कामाचं. रविवारी सकाळी दहाला इथंच बसायचं. ज्याच्याकडं ठेकेदाराचा, एजन्सीचा, कंपनीचा इंग्रजी कागद असेल त्यानं तो आणावा, झेरॉक्स चालेल, नाव आणि आधार नंबर झाकून. पेन्सिल आणा. आधी शॅल आणि मेखाली रेघा मारू, मग पॅसिव्ह वाक्यं शोधून प्रत्येकापुढं कर्त्याचं नाव लिहू. बायका येणार असतील तर पोरं सांभाळायला दोघांनी नावं द्यावीत, आत्ताच. ज्याचं बोट गेलं तो पोरगाही येणार आहे. डाव्या हातानं लिहायला शिकतोय तो, त्याच्या शेजारी जागा मोकळी ठेवा.